दोन देश, दोन थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

सीमेवरची | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे सीमेपलीकडे सासर किंवा माहेर असलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे दोन्ही थँक्सगिव्हिंग (सुगीचे आभार मानायचा सण, एक कॅनडाचा, एक अमेरिकेचा) कशी होतात ते वाचायचंय, आणि यंदाचा माझा पेचही सोडवायचाय.

मी मूळची सांगलीची. एमएससाठी मिशिगनला आले ती डेट्रॉइटजवळच राहिले. नवरा कॅनडाचा. त्याचं घर पुलापलीकडे, विंडसरपासून पाऊण तासावर ऑन्टॅरिओच्या एसेक्स काउंटीत. तो इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्या भागात हे अगदी रोजचं आहे, विंडसरच्या कितीतरी नर्स सकाळी बोगद्यातून डेट्रॉइटला कामाला येतात. (नकाशा उघडून बघा, इथे कॅनडा अमेरिकेच्या दक्षिणेला आहे. आईला हे पटवायला मला तीन दिवस लागले होते.)

तर आमच्याकडे दोन थँक्सगिव्हिंग. कॅनडाचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, अमेरिकेचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. कॅनडातलं सासरी. जेवण मात्र सोमवारी नाही, रविवारी असतं. तिकडे शनिवार, रविवार, सोमवार यांतला कुठलाही दिवस चालतो, ज्याला जसं जमेल तसं. सासूबाईंची टर्की, सासऱ्यांनी बागेतून काढलेले बटाटे आणि गाजरं, भोपळ्याचा पाय (pie, भाजलेला गोड पदार्थ), बटर टार्ट. जेवल्यावर सगळे इरी सरोवराच्या काठी चालायला जातात. ऑक्टोबरात तिथे अजून हिरवळ असते, मेपल नुकते लाल होत असतात.

अमेरिकेतलं मात्र माझं. हो, नवऱ्याचंही नाही, माझंच. इथे आले त्या पहिल्या नोव्हेंबरात सगळं विद्यापीठ रिकामं झालं होतं. घरमालकीणबाईंनी खाली जेवायला बोलावलं. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण कशाबद्दल कृतज्ञ आहे ते सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता येईना, नुसतं रडू आलं. त्या आजी आता नाहीत. पण तेव्हापासून एकही वर्ष मी तो गुरुवार चुकवला नाही. लग्नानंतर सासू-सासरे पूल ओलांडून आमच्याकडे येतात. त्यांच्या दृष्टीने तो कॅनडातला साधा कामाचा गुरुवार, पण ते येतात.

आता पेच. आई-बाबा सप्टेंबरपासून इथे आहेत. आईने परवा कालनिर्णय काढलं आणि म्हणाली, २७ नोव्हेंबर म्हणजे मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडायचा, दिवसभर उपवास, संध्याकाळी महालक्ष्मीचा नैवेद्य. आणि त्याच दिवशी दुपारी तीनला माझ्या ओट्यावर सात किलोची टर्की!

आई म्हणते, तुम्ही तुमचं करा, मी माझ्या खोलीत मांडते. मला हे नकोय. तिला खोलीत बसवून मी टेबलावर कृतज्ञता कसली मांडू?

---

पमाकाकू | ९ नोव्हेंबर

अगं, आईला खोलीत बसू देऊ नकोस. बाकी काय ते सुचेल.

मला एक सांग, एकच सण दोन देशांत दीड महिन्याच्या अंतराने कशाला? माझी मुलगी टोरंटोला आहे, तिला विचारलं तर म्हणते, "तिकडे थंडी लवकर पडते." एवढंच का?

---

आलंलसूण | ९ नोव्हेंबर

पमाकाकू, मुलीचं निम्मं बरोबर आहे. कॅनडात सुगी लवकर उरकते, त्यामुळे ऑक्टोबर सोयीचा. पण तारीख तिथे बराच काळ डगमगत होती. १८७९ पासून सण दरवर्षी होऊ लागला, दिवस मात्र दरवर्षी जाहीर व्हायचा. पहिल्या महायुद्धानंतर तर १९२१ ते १९३० थँक्सगिव्हिंग आणि युद्धविरामाचा दिवस हे दोन्ही नोव्हेंबरात एकाच सोमवारी असायचे. १९३१ मध्ये ते वेगळे झाले, आणि ऑक्टोबरचा दुसरा सोमवार संसदेने कायमचा ठरवला तो थेट १९५७ मध्ये.

अमेरिकेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती १६२१ ची, प्लिमथचे वसाहतवाले आणि तिथले मूलनिवासी वाम्पानोआग लोक यांच्या तीन दिवसांच्या जेवणाची. पण राष्ट्रीय सण झाला तो यादवी युद्धाच्या मध्यावर, १८६३ मध्ये, लिंकनने जाहीर केल्यावर. त्यामागे सारा जोसेफा हेल या संपादिकेचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. तेव्हा तो नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार होता. १९३९ मध्ये रूझवेल्टने नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो एक आठवडा अलीकडे आणला. त्यावर इतका गोंधळ झाला की निम्मी राज्यं एका गुरुवारी आणि निम्मी दुसऱ्या गुरुवारी सण करू लागली. शेवटी १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

कॅनडावाले आपली मुळं आणखी मागे, १५७८ पर्यंत नेतात. मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्दीच्या ताफ्याने कॅनडाच्या उत्तरेतल्या, आताच्या नुनावुतमध्ये सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानले होते, ते. पण ते सुगीचं नव्हतं, प्रवासाचं होतं. सीमेपलीकडे संसार असलेल्यांना हेच मूळ जास्त जवळचं वाटेल.

---

पमाकाकू | ९ नोव्हेंबर

वा! प्रवास सुखरूप झाला म्हणून आभार. हे मला आवडलं.

---

बर्फातला_कोल्हापुरी | १० नोव्हेंबर

आमचं घर विनिपेगला, बायकोचं माहेर मिनियापोलिसला. माझं स्पष्ट मत आहे: टर्की रद्द करू नका. तुमचे सासू-सासरे पूल ओलांडून येतात ते जेवायला. घट एका बाजूला, टर्की एका बाजूला. देवीला आपल्या लेकरांच्या ताटात काय आहे त्याचा राग नसतो.

---

शेवगा | १० नोव्हेंबर

कोल्हापुरी, देवीला नसेल, पण आईला वाटणारच ना. दिवसभर उपवास करायचा आणि घरभर चार तास टर्की भाजल्याचा वास. नैवेद्याचा स्वयंपाक त्याच ओव्हनशेजारी. मला नाही पटत.

आणि हा पेच यंदापुरता नाही. बघा ना, अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी, कॅनडाचं सोमवारी. आमच्या घरी गुरुवार दत्ताचा, सोमवार शंकराचा, दोन्ही दिवशी सामिष वर्ज्य. २०२३ मध्ये तर २३ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. माझ्या सासूबाई तेव्हा न्यूजर्सीत आमच्याकडे होत्या. त्यांनी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वरीचे तांदूळ केले. रताळं तर त्या टेबलावर तसंही असतंच! माझ्या अमेरिकन जावेने मार्शमेलो घातलेली रताळी बाजूला ठेवून आधी कीस संपवला.

---

सीमेवरची | १० नोव्हेंबर

शेवगा, रताळ्याचा कीस! हे मला सुचलंच नव्हतं.

२०२३ चं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. आई-बाबा तेव्हा पहिल्यांदा इथे आले होते. माझं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे मला कॅनडात जायला व्हिसा लागत नाही, भारतीय पासपोर्ट आणि कार्ड जवळ असलं की झालं. पण आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा पुलापलीकडे कामाचा नाही, कॅनडाचा वेगळा काढावा लागतो. तो वेळेत आला नाही. सासूबाईंनी महिनाभर आधी आईसाठी खोली लावून ठेवली होती. शेवटी शनिवारी सासूबाईच गाडीत सामान भरून इकडे आल्या. भाज्या, टर्की सगळं इथल्या बाजारातून घेतलं, तिकडून आणले ते फक्त बटर टार्ट, तेही पुलावर सांगून. माझ्या स्वयंपाकघरात कॅनडाचं थँक्सगिव्हिंग झालं. तो पितृपक्ष होता. आईने एक पान वेगळं वाढून आजी-आजोबांच्या नावाने बाहेर ठेवलं. सासूबाईंनी काही न विचारता त्यावर एक टार्ट ठेवला.

---

रेनकोट | १० नोव्हेंबर

व्हिसाचं निघालंय तर थोडं नीट लिहितो, कारण दरवर्षी कोणीतरी यात अडकतं.

एच-१बी वर (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर कॅनडासाठी व्हिजिटर व्हिसा लागतो. उलट दिशेने, जोडीदार कॅनडाचा पीआर (कायम रहिवासी) असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर त्याला अमेरिकेचा व्हिसा हवाच. कॅनडाचा नागरिक झाला की तो प्रश्न मिटतो. आणि एच-१बी चा पासपोर्टवरचा शिक्का संपलाय पण आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे, तर कॅनडात ३० दिवसांच्या आत राहून परत येता येतं. मात्र तिथे असताना नव्या शिक्क्याचा अर्ज केलात तर ही सवलत जाते. निघण्यापूर्वी वकिलाला विचारा.

सुट्टीचंही सांगतो. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार अमेरिकेतही कोलंबस डे म्हणून सरकारी सुट्टी आहे, बऱ्याच ठिकाणी आता मूलनिवासींचा दिवस म्हणून पाळतात. बँका आणि टपाल बंद, पण खासगी कंपन्या बहुतेक चालू. म्हणजे रजा टाकावी लागते.

आता माझी गोष्ट. मी सिएटलला, माझी आताची बायको कॅनडातल्या सरेला, मधे दोन-अडीच तासांचा रस्ता. २०२० च्या फेब्रुवारीत साखरपुडा झाला आणि २१ मार्चला सीमा बंद झाली. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून मी कुणाच्याच यादीत बसत नव्हतो. उरलं होतं पीस आर्च पार्क. ब्लेन आणि सरेच्या मधोमध, दोन्ही देशांत पसरलेली बाग, १९२१ ची पांढरी कमान. तिच्या आत लोखंडी दारांच्या वर लिहिलंय, ही दारं कधीही बंद न होवोत.

मी अमेरिकेच्या बाजूने आत जायचो. कॅनडाच्या बाजूची बाग जूनमध्ये बंद केली होती, मग ती सीमेलगतच्या झीरो अव्हेन्यू या रस्त्यावरून छोटा चर ओलांडून यायची. गवतावर तंबूच तंबू, कोणी लग्न लावतंय, कोणी नातवाला पहिल्यांदा बघतंय. ऑक्टोबरात कॅनडाच्या थँक्सगिव्हिंगच्या रविवारी आम्ही तिथे जेवलो. आपापला डबा, आपापली चटई. तिने आईच्या हातचे भोपळ्याचे घारगे आणले होते. माझ्याकडे दुकानातलं सँडविच. अधिक महिना चालू होता, तिची आई फोनवर म्हणाली, "जावयाला अनारशांचं वाण द्यायचा महिना, पण जावई व्हायचाय अजून."

संध्याकाळी पाऊस आला. ती तिच्या देशाकडे चालत गेली, मी माझ्या. आता आमचं लग्न झालंय, एका घरात राहतो, दोन्ही थँक्सगिव्हिंगला टेबल असतं, खुर्च्या असतात. पण दर ऑक्टोबरात एक रविवार आम्ही डबा घेऊन त्या बागेत जातोच.

---

पमाकाकू | १० नोव्हेंबर

रेनकोट, वाचून डोळे भरले. अनारसे मिळाले का मग?

---

रेनकोट | १० नोव्हेंबर

पुढचा अधिक महिना आला २०२३ मध्ये, श्रावणात. तेहतीस मोजून मिळाले, काकू.

---

मॉन्ट्रियलकर | ११ नोव्हेंबर

आमच्या क्युबेकमध्ये सुट्टी आहे पण सणाचा तेवढा जोर नाही. फ्रेंच शेजारी त्या शनिवार-रविवारी उन्हाळी घर बंद करायला जातात. नळ रिकामे करणं, होड्या वर काढणं वगैरे. माझी बायको व्हर्माँटची. ती ऑक्टोबरात काहीच करत नाही आणि नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी रजा टाकून पहाटे सहाला ओव्हन लावते.

---

दर्यावर्दी | ११ नोव्हेंबर

हॅलिफॅक्स. आमच्या नोव्हा स्कोशियात तो सोमवार कायद्याने पगारी सुट्टीच नाही, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंडमध्येही तसंच. तरी घरोघरी जेवण असतंच.

---

मांडवीकाठ | ११ नोव्हेंबर

मी गोव्याची, आता मिसिसागात. आमच्या चर्चमध्ये गोंयकार पुष्कळ. थँक्सगिव्हिंगच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) भाज्या, धान्य वेदीसमोर मांडतात तेव्हा मला ताळगावचं कोणसांचं फेस्त आठवतं, २१ ऑगस्टचं. भाताची नवी कणसं कापून पाद्री आशीर्वाद देतो आणि मग घरोघरी वाटतात. कोकणात नवान्नाला दारावर नवं बांधतात, तेच की. माझ्या बफेलोच्या अमेरिकन जावयाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुमचं थँक्सगिव्हिंग तिन्हींत पहिलं. त्याने ते मनापासून म्हटलं.

---

नदीपात्र | १२ नोव्हेंबर

सगळं छान आहे, पण एक गोष्ट इथे यायला हवी. प्लिमथमध्ये १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूलनिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात. १६२१ च्या जेवणानंतर साधारण पंचावन्न वर्षांत त्याच वाम्पानोआगांची युद्धात धूळधाण झाली. मुलांना फक्त टोप्या आणि पिसांचं चित्र रंगवायला देऊ नये.

---

सीमेवरची | १२ नोव्हेंबर

नदीपात्र, लिहिलंत ते बरं केलंत. कॅनडात २०२१ पासून ३० सप्टेंबर हा सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस असतो, निवासी शाळांत हाल झालेल्या आणि दगावलेल्या मूलनिवासी मुलांच्या आठवणीचा. सासूबाई शिक्षिका होत्या. त्या दिवशी नारिंगी सदरा घालतात, आणि दोन आठवड्यांनी टेबलावर बसल्यावर आधी ही जमीन कुणाची होती ते सांगतात, मग जेवण. माझ्या लेकीला ती नावं पाठ आहेत. मी नोव्हेंबरात हे करत नव्हते. यंदापासून करते.

---

आलंलसूण | १३ नोव्हेंबर

मूळ पेचाकडे येऊ. माझ्या मते उत्तर तुमच्या कुटुंबात आधीच आहे. टर्की ऑक्टोबरात सासरी झालीये, पोटभर. दोन सण असल्याचा खरा फायदा हाच, प्रत्येक घराला एक पूर्ण मिळतो. मग नोव्हेंबरातला तुमच्या घरासारखा होऊ द्या. गुरुवारी सगळं शाकाहारी, जेवण तीनऐवजी सहाला. डेट्रॉइटला तेव्हा सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. नैवेद्य दाखवा, आईचा उपवास आणि सगळ्यांचं जेवण एकाच वेळी. टर्की हवीच असेल तर शुक्रवारी.

क्रॅनबेरीचा मेथांबा करा. ३४० ग्रॅमच्या एका पिशवीला दोन चमचे तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. मेथ्या लाल झाल्या की क्रॅनबेरी टाका आणि झाकण ठेवा, पाच-सात मिनिटांत फुटतात. मग पाऊण वाटी गूळ, तिखट, मीठ. गूळ आधी घालू नका, सालं चामट होतात.

घारग्यांसाठी कोरायचा मोठा भोपळा घेऊ नका, पाणचट असतो. छोटा पाय पम्पकिन किंवा बटरनट घ्या. डबा घेतलात तर नुसत्या गराचा, मसाला घातलेला नाही.

---

बर्फातला_कोल्हापुरी | १३ नोव्हेंबर

शुक्रवारी टर्की असेल तर माझी हरकत मागे.

---

सीमेवरची | १६ नोव्हेंबर

सासूबाईंना फोन केला. त्यांनी एका वाक्यात सोडवलं, "उपवास आईचा आणि मी तिच्यासमोर तीन वाजता जेवू? मीही सहालाच जेवेन."

सासऱ्यांची मात्र धास्ती होती. यंदा आयातकराच्या भांडणामुळे कॅनडातले कितीतरी लोक अमेरिकेत यायचं टाळताहेत, आणि विंडसर म्हणजे मोटारींचं गाव, तिथल्या कारखान्यांना थेट झळ. त्यांच्या मित्रांनी फ्लोरिडाची सहल रद्द केली. मी विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी अमेरिकेत येत नाहीये, तुझ्या घरी येतोय."

---

सीमेवरची | २८ नोव्हेंबर

झालं सगळं. सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बुधवारी रात्री दोघं आले. गुरुवारी सकाळी आईने दिवाणखान्यातच चौरंग मांडला, जिथे एरवी मी पाय ठेवते त्या टेबलाशेजारी. विड्याची पानं इंडियन ग्रोसरीतून, नारळ तिथलाच, गहू माझ्या डब्यातले. सासूबाईंनी बागेतल्या शेवटच्या शेवंत्या ओल्या कागदात गुंडाळून आणायच्या म्हटल्या होत्या, पण फुलं सीमेवर अडतील म्हणून मी नको म्हटलं. मग त्यांनी इथल्या दुकानातून पिवळ्या शेवंत्या आणल्या. एकला लायन्सचा (डेट्रॉइटचा अमेरिकन फुटबॉलचा संघ) सामना लागला. १९३४ पासून थँक्सगिव्हिंगला लायन्स खेळतात आणि विंडसरवाले त्यांना आपलेच मानतात. बाबा आणि सासरे शेजारी बसून बघत होते. लायन्स हरले, तेव्हा बाबांनी क्रिकेट हरल्यावर मारतात तसा मांडीवर हात मारला.

साडेचारला आईने पोथी वाचली. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. वैभव आल्यावर राणी उतली, मातली, आलेल्या म्हातारीला तिने हाकललं, सासूबाई फार लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी विचारलं, म्हणजे जे मिळालंय ते विसरू नये, असंच ना? आई म्हणाली, हो. तेवढं इंग्रजी तिला येतं.

सहाला जेवलो. पुरण, घारगे, रताळ्याचा कीस, मेथांबा, स्टफिंग, भाजलेली गाजरं, भोपळ्याचा पाय. आधी लेकीने या भागातल्या मूळ लोकांची नावं घेतली, अनिशिनाबे आणि वायंडॉट. मग टेबलाभोवतीची पाळी सुरू झाली. मला बाबांची काळजी होती. आमच्या घरात घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत, परकं केल्यासारखं वाटतं. बाबा पास म्हणतील असं मी गृहीत धरलं होतं. ते उभे राहिले आणि सासऱ्यांकडे बघून मराठीत म्हणाले, "तुम्ही इतक्या वेळा पूल ओलांडून आलात, म्हणून आम्हाला सांगलीत झोप लागते." मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. एका दमात नाही सांगता आलं.

आज टर्की आहे. कोल्हापुरी, तुमच्या नावाने एक तुकडा काढून ठेवते.

---

शेवगा | २८ नोव्हेंबर

बाबांचं वाक्य वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

---

पमाकाकू | २८ नोव्हेंबर

फार छान केलंस गं. आता पुढच्या वर्षीचं बघ. मी २०२६ चं कॅलेंडर उघडलं. कॅनडाचं १२ ऑक्टोबरला, आणि ११ ला रविवारी घटस्थापना. तुझ्याकडे नवरात्र असतं ना? अखंड दिवा सोडून पुलापलीकडे जेवायला कशी जाणार?

---

सीमेवरची | २९ नोव्हेंबर

काकू, तुमची पोस्ट आज सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली. सासूबाईंनी विचारलंय, समईला दिवसाला तेल किती लागतं, आणि घट त्यांच्या जेवणघराच्या पूर्वेच्या खिडकीशी बसवला तर चालेल का.